उद्यापर्यंत राहू दे तो पसारा

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, 1943 साली, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात मुलांसाठी एक वेगळंच मैदान सुरू झालं. झोपाळे, घसरगुंड्या यांतलं तिथे काही नव्हतं. जुन्या फळ्या, विटा, खांब, चाकं, माती आणि कामाची हत्यारं, एवढंच सामान. कल्पना कार्ल थिओडोर सोरेन्सन या उद्यानरचनाकाराची. मुलं आखीव मैदानं सोडून बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात हे त्याने पाहिलं होतं, आणि मुलांना अशी अडगळ खेळायला द्यावी ही सूचना त्याने 1931 सालीच मांडली होती. एम्ड्रुपला देखरेखीसाठी जॉन बर्टेल्सन हा बालशिक्षक नेमला गेला. मुलांनी तिथे खोपटी बांधली, खड्डे खणले, बांधलेलं पाडलं, पुन्हा बांधलं. आपल्या सगळ्या कामांत हे दिसायला सर्वांत कुरूप, पण आपल्याला सर्वांत आवडणारं, असं सोरेन्सनने पुढे लिहिलं. 1946 साली ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी ॲलन ऑफ हर्टवुड ते मैदान पाहून गेल्या आणि बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या ब्रिटिश शहरांतल्या मोकळ्या जागांवर तशीच मैदानं व्हावीत म्हणून त्यांनी चळवळ चालवली.

घरातल्या पसाऱ्याबद्दल लिहिताना मैदानापासून सुरुवात करण्याला कारण आहे. ‘घरात पसारा असू द्या, मूल सर्जनशील होईल’ हा सल्ला हल्ली पालकांना सगळीकडून मिळतो. त्यामागे खरंच काय आहे ते पाहू लागलं की वाट एम्ड्रुपला पोहोचते, आणि तिथे नुसती अडगळ नव्हती हेही लक्षात येतं. लुडबुड न करणारा एक मोठा माणूस तिथे होता. आणि आज अर्धवट राहिलेलं खोपट उद्या मुलाला तिथेच, तसंच सापडत होतं. या शेवटच्या गोष्टीकडे पसाऱ्याचे समर्थक आणि विरोधक दोघांचंही पुरेसं लक्ष गेलेलं नाही, असं मला हे सगळं वाचताना आणि पाहताना सतत वाटत आलं आहे.

एम्ड्रुपमध्ये जे हाताने सिद्ध झालं त्याला तत्त्वाचं रूप सायमन निकल्सनने दिलं. शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आणि चित्रकार बेन निकल्सन यांचा हा मुलगा. 1971 साली एका उद्यानरचनाविषयक मासिकात त्याचा लेख आला. त्यातलं सुट्या भागांचं तत्त्व आज जगभरच्या बालवाड्यांत शिकवलं जातं. त्याचं म्हणणं सोपं होतं: भोवतालात जितक्या गोष्टी हलवता, जोडता, बदलता येतात, तितकी तिथे शोधाला आणि निर्मितीला जागा असते. वास्तुविशारद आणि कलावंत निर्मितीचा सगळा आनंद स्वतः घेऊन मोकळे होतात आणि मुलांच्या हाती तयार, न बदलणारी वस्तू ठेवतात, ही मुलांची फसवणूक आहे, असा त्याचा थेट आरोप होता. लेखाच्या शीर्षकातच मुलांना फसवू नका असं होतं. बटण दाबलं की गाणं म्हणणारी प्लास्टिकची मोटार आणि रिकामं खोकं यांतला फरक निकल्सनच्या भाषेत चटकन सांगता येतो. मोटार मोटारच राहते. खोकं सकाळी दुकान असतं, दुपारी बस, आणि संध्याकाळी त्यात मांजर राहायला येतं.

निकल्सनच्या कितीतरी आधी हाच विचार तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अमलात आला होता, तोही गरजेपोटी. ताराबाई मोडक माँटेसरी पद्धतीच्या जाणकार. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी काम केलं होतं. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यातल्या मुलांना मिळणं शक्यच नव्हतं. मग शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथली. 1975 साली एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द देशभर नेला. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते शेवटपर्यंत चालवलं. वारली मुलांच्या अंगणात शिंपले मांडून बसलेल्या पोराला ‘पसारा आवर’ असं कोण म्हणणार? अंगणच ते. माती मातीत, पानं पानांत. पसाऱ्याचा प्रश्न खरा उभा राहतो तो फरशी आणि सोफा आल्यावर, हे कोसबाडकडे पाहिलं की ध्यानात येतं.

या धाग्यातलं दुसरं नाव अरविंद गुप्तांचं. कानपूर आयआयटीतून बाहेर पडून ते पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. 1978 साली होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले असताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार केले. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली आणि ती करण्याची कृती सगळ्यांना फुकट दिली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं एक अगदी साधं खेळणं म्हणजे स्ट्रॉची पिपाणी. स्ट्रॉचं टोक दाबून चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून चोच करायची आणि ओठांत धरून जोरात फुंकायचं. जमेपर्यंत गाल दुखतात. मग एकदम भोंगा वाजतो. आता फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे कापत जायचं. प्रत्येक तुकड्यागणिक आवाज चढत जातो, किनरा होत जातो, आणि हवेच्या स्तंभाची लांबी कमी झाली की स्वर उंच होतो हे कुणी न सांगता कळतं. तोवर जमिनीवर स्ट्रॉचे तुकडे विखुरलेले असतात. ते तुकडे पडू न देता हा प्रयोग करता येत नाही, आणि तो एका मुलाने केला की घरातल्या सगळ्यांना करायचा असतो.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराचा उल्लेखही करायला हवा. युद्ध संपल्यावर 1945 साली जवळच्या व्हिला चेल्ला गावच्या लोकांनी मागे राहिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ते पाहायला गेला आणि तिथून एक शिक्षणपद्धती उभी राहिली. या शाळांत मुलांच्या हातकामाची स्वतंत्र खोली असते. 1996 साली शहरात रेमिदा नावाचं केंद्र निघालं. कारखान्यांतून उरलेले कागद, चामडं, धातू, प्लास्टिक यांचे तुकडे तिथे गोळा होतात आणि शाळांना मिळतात. पण रेज्जोच्या शाळेत हे सामान ढिगात पडलेलं नसतं. बरण्यांत, उघड्या फळ्यांवर, रंग आणि पोत पाहून ते मांडून ठेवलेलं असतं. मुलाने घेतल्यावर मात्र त्याचं काय होईल यावर बंधन नसतं, आणि एखादं काम आठवडेच्या आठवडे चालू राहू शकतं.

आपल्याकडे या सगळ्याचं सर्वांत जिवंत उदाहरण दरवर्षी दिवाळीत दिसतं. ते इतकं ओळखीचं आहे की शिक्षण म्हणून त्याच्याकडे पाहायचं आपल्याला सुचत नाही. सहामाही परीक्षा संपली की पोरं किल्ल्याच्या मागे लागतात. विटा, दगड, फुटक्या कौलांचे तुकडे, कुणाच्या तरी बांधकामावरून मागून आणलेली माती. आधी दगडविटांचा डोंगर रचायचा. मग बादलीत चिखल कालवून त्यात जुनं गोणपाट बुडवायचं आणि ते जड, गळकं पोतं चौघांनी चार कोपरे धरून डोंगरावर पांघरायचं. सुरकुत्या पडतात त्या आपोआप घळी आणि कडे होतात. वरून लाल मातीचा हात. ओल्या मातीत आळीव किंवा मोहरी पेरायची, ती पाच-सहा दिवसांत उगवते. म्हणजे किल्ला कधी सुरू करायचा याचं गणित उलटं मोजावं लागतं. तळ्यासाठी वाटी पुरायची की आरशाचा तुकडा, यावर भांडण. बुरूज सुकताना तडकतो, मग त्याला पुन्हा लिंपायचं. पायऱ्या काडीने कोरायच्या. पहाऱ्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच निघतो आणि प्रमाण म्हणजे काय ते तिथे कळतं. सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला बहुधा जागेवर असतो, आणि तितके दिवस त्यात रोज काहीतरी वाढत असतं.

या आठ-दहा दिवसांत घराची काय अवस्था होते ते प्रत्येक आईला माहीत आहे. जिन्यात चिखलाची पावलं, मोरीत माती, टॉवेलची वाट लागलेली. तरी कुणी किल्ला बंद पाडत नाही, कारण तो सणाचा भाग आहे. रीत म्हणून जे दिवाळीत चालतं ते एरवी पसारा म्हणून थांबवलं जातं, हे मला खटकतं. त्याहून जास्त खटकतं ते बाजारात मिळणाऱ्या तयार किल्ल्यांचं. रंगवलेला, हलका, पिशवीत घालून आणायचा आणि मावळे मांडायचे. पार्किंगमध्ये माती नको हा सोसायटीचा नियम असतो, घरात जागा नसते, आईवडिलांना रजा नसते, हे सगळं खरं आहे. पण तयार किल्ल्यात मुलाला करण्यासारखं उरतं ते फक्त मांडणं. गोव्यात त्याच दिवसांत वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात. बांबू, गवत, जुने कागद आणि खळ यांचा कित्येक दिवसांचा खटाटोप, आणि चतुर्दशीच्या पहाटे तो जाळून टाकायचा. इतकं करून जे टिकणारच नाही ते करण्यात पोरांना जो उत्साह असतो, त्याची बरोबरी कुठलंही विकतचं खेळणं करत नाही.

आता संशोधनाकडे. ‘पसाऱ्याने सर्जनशीलता वाढते’ या वाक्याला बहुतेक वेळा आधार दिला जातो तो मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांच्या 2013 सालच्या प्रयोगाचा. काही जणांना आवरलेल्या खोलीत बसवलं, काहींना कागद-पुस्तकं अस्ताव्यस्त पडलेल्या खोलीत, आणि पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले. कल्पनांची संख्या दोन्हीकडे सारखीच होती, पण पसाऱ्यातल्यांच्या कल्पना परीक्षकांना अधिक वेगळ्या वाटल्या. याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात नीटनेटक्या खोलीतल्या लोकांनी दानधर्माला जास्त पैसे दिले आणि चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त वेळा निवडलं. हे सगळे प्रौढ होते, मुलं नव्हती. पसारा त्यांनी घातलेला नव्हता, संशोधकांनी मांडून ठेवला होता. शिवाय 2019 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असा कोणताही परिणाम दिसला नाही. घरातल्या चार वर्षांच्या मुलाबद्दल यातून काही सिद्ध होत नाही. लेखांतून, भाषणांतून हा प्रयोग पालकांपुढे पुरावा म्हणून ठेवला जातो, ते थांबायला हवं.

मुलांवरचे प्रयोग आधीपासून आहेत. 1973 साली डॅन्स्की आणि सिल्व्हरमन यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना कागदी रुमाल, क्लिपा, रिकामी खोकी, काडेपेट्या असं घरगुती सामान दिलं. काहींना मोकळं खेळू दिलं, काहींना मोठ्यांची नक्कल करायला लावली. मग त्या वस्तूंचे उपयोग विचारले. मोकळं खेळलेल्यांनी चाकोरीबाहेरचे उपयोग बरेच जास्त सांगितले. 1981 साली पेप्लर आणि रॉस यांनी एकच उत्तर असलेली कोडी आणि कितीही तऱ्हांनी वापरता येणारे ठोकळे यांची तुलना केली. तिथेही ठोकळ्यांशी खेळलेली मुलं मोकळ्या प्रश्नांत सरस ठरली. इथपर्यंत चित्र स्वच्छ वाटतं. पण 1987 साली स्मिथ आणि व्हिटनी यांनी काळजी घेतली, की कुठलं मूल कसं खेळलं आहे हे उत्तरं विचारणाऱ्याला माहीतच नसेल. तेव्हा फरक नाहीसा झाला. 2013 साली अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी लुटुपुटीच्या खेळावरच्या सगळ्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, आणि अशा खेळामुळेच सर्जनशीलता वाढते हे म्हणण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला.

हे वाचून निराश व्हायचं कारण नाही. या चाचण्या मोजतात ते विटेचे किंवा कागदाच्या क्लिपेचे दहा मिनिटांत किती उपयोग सुचले ते. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने रूढ केलेली ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात मावण्याजोगी गोष्ट लहान आहे. बुरूज तडकल्यावर माती जास्त पातळ झाली होती हे ओळखणं, दुसऱ्या दिवशी त्यात भुसा मिसळून पाहणं, मित्राची सूचना आधी धुडकावून मग गुपचूप वापरणं, हे त्या दहा मिनिटांत कुठे दिसणार? पुरावा कच्चा आहे हे मान्य करूनच पुढे जायचं. मुलाला हातांनी काही करू द्यावं यासाठी पुढे ते चित्रकार किंवा उद्योजक होईल असं आश्वासन लागतं कशाला? ते आज करतंय, त्यात बुडून गेलंय, एवढं पुरेसं आहे.

दोन अभ्यास मात्र मला घरातल्या माणसांच्या कामाचे वाटतात. आयोवा विद्यापीठात लॅरिसा सॅम्युएलसन यांच्या गटाने 16 महिन्यांच्या बाळांना खिमट, रस, सूप अशा चौदा पातळ आणि मऊ पदार्थांची बनावट नावं सांगितली आणि ते पदार्थ हाताळू दिले. जेवणाच्या उंच खुर्चीत बसून ज्यांनी हात घालून, फासून, चाटून गोंधळ घातला त्यांनी नावं जास्त चांगली ओळखली. घट्ट वस्तूचा आकार पाहून कळतो. पातळ पदार्थाला स्वतःचा आकार नसतो, त्यामुळे तो ओळखायला हात बरबटावेच लागतात. वरणभात स्वतः कालवून खाणाऱ्या बाळाच्या आईला हे वेगळं सांगायला नको, पण पाहुण्यांसमोर तिला थोडा आधार मिळेल. दुसरा अभ्यास एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा, 2011 सालचा. नळ्यांच्या एका खेळण्यात चार करामती लपवल्या होत्या. मोठ्या माणसाने ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणून त्यातली एक शिकवून दाखवली, तर मुलं तीच करत बसली आणि उरलेल्या कमी शोधल्या. कुणी काही शिकवलं नाही तेव्हा ती जास्त वेळ रमली आणि जास्त शोधलं. आपण मुलाच्या शेजारी बसून जे ‘असं नाही रे, असं कर’ म्हणतो, त्याची किंमत इथे दिसते.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. कार्नेगी मेलन विद्यापीठात फिशर, गॉडविन आणि सेल्टमन यांनी 2014 साली बालवर्गातल्या 24 मुलांना काही धडे तक्ते-चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात दिले. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष धड्याबाहेर राहण्याचा वेळ सुमारे 39 टक्के होता, मोकळ्यात 28. चाचणीत बरोबर उत्तरं 42 टक्के, मोकळ्या वर्गात 55. टोलेडो विद्यापीठातल्या 2018 सालच्या अभ्यासात 36 लहानग्यांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली. चार असताना ती प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ओसंडून वाहणारी खेळण्यांची टोपली जमिनीवर पालथी घातली की होतो तोही पसाराच, पण त्यात मुलाने केलेलं काही नसतं. नुसतं ओतलेलं असतं. वाढदिवसांना आलेली निम्मी खेळणी माळ्यावर टाकून महिन्याने काढली, तर उरलेल्यांत खेळ जास्त रंगतो.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. 1995 पासून मानसशास्त्रात घरातल्या गोंधळाची एक प्रश्नावली वापरली जाते, पंधरा प्रश्नांची. ती मोजते ते गोंगाट, सततची धावपळ, कुठल्याही गोष्टीला वेळकाळ नसणं. अशा घरांतल्या मुलांच्या भाषेवर आणि वागण्यावर वाईट परिणाम होताना वारंवार आढळलं आहे. दिवसभर टीव्ही चालू, जेवायची वेळ ठरलेली नाही, कोण कधी ओरडेल याचा नेम नाही, असं घर आणि जेवायच्या टेबलाखाली चादरी लटकवून केलेला दवाखाना, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मूल मनसोक्त पसारा घालू शकतं ते घराचं बाकीचं वेळापत्रक शांत असतं म्हणून.

मारिया माँटेसरींना पसाऱ्याच्या विरोधी पक्षात बसवण्याची पद्धत आहे. 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं, आणि प्रत्येक साधनाची जागा ठरलेली असावी, घेतलेलं तिथेच परत जावं हा आग्रह धरला. लहान वयात मुलांना क्रमाची ओढ असते हे त्यांचं निरीक्षण होतं, आणि दोन-अडीच वर्षांचं मूल पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. बाबांची खुर्ची आजीने घेतली तरी ते अस्वस्थ होतं. पण त्यांच्या वर्गात मूल चटई अंथरून तिच्यावर काम मांडतं आणि ती चटई ही त्याची हद्द. दुसऱ्याने तीवर पाय द्यायचा नाही. अनेक माँटेसरी वर्गांत काम अर्धवट राहिलं तर मूल त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवून जातं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करतं. शिस्तीसाठी ओळखली जाणारी ही पद्धत आणि भंगारातलं एम्ड्रुप, दोन्हीकडे मुलाच्या अपुऱ्या कामाला जागा आहे. आपल्या घरांत नेमकी तीच नसते. संध्याकाळी दिवेलागणीला सगळं उचललंच पाहिजे, आणि उचलणं म्हणजे मोडणं. दुपारी दोन तास खपून ठोकळ्यांचं गाव वसवलेल्या मुलाला ‘उद्या परत कर की’ असं सांगितलं जातं. उद्या ते पुन्हा पहिल्या ठोकळ्यापासून सुरू करतं आणि पुन्हा तेवढंच पोहोचतं. दुसऱ्या दिवशी काय सुचलं असतं ते कुणालाच कळत नाही.

हे सगळं बोलायला सोपं आहे, कारण बोलणारा बहुधा केर काढत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कुटुंबांवरच्या एका दीर्घ अभ्यासातून 2010 साली सॅक्सबी आणि रेपेटी यांनी दाखवलं, की ज्या बायका आपल्या घराचं वर्णन पसारा आणि अर्धवट कामं या शब्दांत करत होत्या, त्यांच्यात ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दिवसभरात उतरायला हवं तितकं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. तेच घर, तोच पसारा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. आणि घरकाम करणारे पुरुषच मुळात चारात एक. अशा घरात ‘मुलाला पसारा घालू दे’ हा सल्ला म्हणजे एका बाईच्या कामात केलेली वाढ असते. म्हणून मला वाटतं, पसाऱ्याचा प्रश्न बाबांनी केरसुणी हातात घेतल्याशिवाय सुटत नाही. घरकामाला येणाऱ्या ताईंवर तो ढकलणं तर अधिकच वाईट. रंग मी सांडायचा आणि पुसायला दुसरं कुणीतरी येतं, हे मूल त्यातून शिकतं, आणि ते पुसून काढणं सर्वांत अवघड. चार वर्षांचं मूल ओल्या फडक्याने फरशी पुसू शकतं. नीट पुसली जात नाही, पण तो त्याच्या कामाचाच शेवटचा भाग असतो.

जागेचंही तसंच. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात पाच-सहा माणसं. तिथे ठोकळ्यांचं गाव रात्रभर ठेवायचं म्हणजे कुणीतरी झोपायचं नाही. चाळीच्या काळी खेळ गॅलरीत, जिन्यात, पटांगणात मांडला जायचा आणि ती जागा सगळ्यांची होती. आता इमारती उंच झाल्या, खोल्या थोड्या मोठ्या झाल्या, पण सामायिक जागा फरशीची, चकचकीत आणि सूचनाफलक लावलेली झाली. लहान घरात एक साधा उपाय चालतो: एक मोठा पुठ्ठा किंवा जुन्या कपाटाची फळी. खेळ तीवरच मांडायचा, आणि रात्री ती फळी जशीच्या तशी उचलून दिवाणाखाली सरकवायची. मातीकामाला गच्ची, नाहीतर मोरी. वस्तीतल्या वाचनालयाने, मंडळाने, बालभवनाने एक खोली अशी ठेवली, जिथे मुलांचं काम आठवडाभर कुणी हलवणार नाही, तर त्या वस्तीतल्या शेकडो घरांचा भार हलका होईल. गणेशोत्सवाचा मांडव महिनाभर रस्त्यात उभा राहू शकतो, तर हेही अशक्य नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मोकळीक नको. तीन वर्षांच्या आतलं मूल सगळं तोंडात घालतं. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी जी मापाची नळी वापरतात तिचा व्यास सुमारे 3.2 सेंटिमीटर असतो. त्यात पूर्ण मावेल अशी वस्तू त्या वयाच्या मुलाच्या हाती नको. मणी, चिंचोके, बाटलीची बारीक बुचं आली त्यातच. गोल चपटे बटन सेल सर्वांत घातक. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. छोटी शक्तिशाली लोहचुंबकंही घरात नकोत. करवंट्या, डबे, टायर गॅलरीत साठवले की पावसाचं पाणी साचतं, आणि डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं तो या अडगळीलाही लागू करायचा.

मूल वाढतं तसा पसाराही बदलतो, आणि तिथे पालकांचा उत्साह नेमका मावळतो. तीन वर्षांच्या मुलीने रंगात हात बुडवले तर फोटो काढले जातात. दहा वर्षांच्या मुलीने टेबलावर वायरी, सेलचा डबा, बंद पडलेला टेबलफॅन आणि स्क्रू मांडले की अभ्यास नाही का, असं विचारलं जातं. सरकारने 2023 साली बालवाडीच्या वयासाठी जादुई पिटारा आणला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, गोष्टी. चांगलं पाऊल आहे ते. आठव्या वर्षानंतरच्या मुलांसाठी मात्र घरात आणि शाळेत पुस्तकं आणि पडदा यांपलीकडे फारसं काही राहत नाही. खरं तर याच वयात खऱ्या हत्यारांची वेळ येते. खेळण्यातला प्लास्टिकचा पाना काहीच उघडत नाही, आणि मुलाला ते लगेच कळतं. एक बरा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, छोटी करवत, फेविकॉल, मोजपट्टी, आणि एक खण, ज्याला आईसुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाही. पहिल्या काही वेळा मोठ्या कुणीतरी शेजारी बसायचं, हात न लावता. प्लग काढलेला हवा. मोबाइलची बॅटरी, मायक्रोवेव्ह आणि जुना डब्याचा टीव्ही उघडायचा नाही, त्यांत वीज साठून राहते किंवा आग लागते. बाकी मिक्सर, रेडिओ, गजराचं घड्याळ, सायकलची घंटी, सगळं उघडण्याजोगं आहे. उघडलेलं पुन्हा जोडलं जाईलच असं नाही, आणि जोडायला कधी कधी महिना लागतो. तेवढा महिना ते सुटे भाग ताटात घालून खणात राहू द्यावेत, रद्दीवाला आला तरी.